आबांच्या नावाला ओ

औरंगपुऱ्यात भांड्यांच्या एका दुकानावर जिना आहे, एका वेळी एकच माणूस चढेल एवढा. तो चढून आलं की आमचं ऑफिस. आम्ही बांधकामाच्या ठेकेदारांची कागदं करतो. ठेकेदाराकडं जेवढे कामगार, तेवढ्यांची नावं दर महिन्याला संगणकावर चढवायची. कामगाराच्या मजुरीतून थोडं कापायचं, मालकानं त्यात आपला वाटा घालायचा आणि ते पीएफला आणि ईएसआयला भरायचं. पीएफ म्हणजे म्हातारपणाची सोय, ईएसआय म्हणजे आजारपणाची आणि अपघाताची. यात न कळण्यासारखं काही नाही. पण मालकाचा वाटा म्हटलं की ठेकेदारांचं तोंड दाढ दुखल्यासारखं होतं. बारा वर्षं मी ती तोंडं बघतेय, आता मला त्यांची दया येत नाही.

भरणा पंधरा तारखेच्या आत करावा लागतो, म्हणून महिन्याचे पहिले पंधरा दिवस माझ्याशी जपून बोलावं असं ऑफिसात ठरलेलंच आहे. मी एकेक नाव चढवते, ते मनात पुकारते, क्षणभर थांबते आणि मग पुढच्या नावावर जाते. आमचे सर एकदा म्हणाले, "मॅडम, जप करता का काय?" म्हटलं, "नाही सर, हजेरी घेते." ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली.

हजेरी मला लहानपणापासून पाठ आहे. पिशोरहून आम्ही औरंगाबाद शहरात आलो तेव्हा मी तिसरीत होते. आबा गवंडी, माय त्यांच्या हाताखाली बिगारी. मुकुंदवाडीत पत्र्याची एक खोली होती आणि शाळेला सुट्टी लागली की मला एकटीला खोलीत ठेवायला माय तयार नसायची. मग मीही कामावर. सकाळी आठला मुकादम वाळूच्या ढिगावर उभा राहून वहीतली नावं वाचायचा. आबा तोवर बांबूच्या परांचीवर चढलेले असायचे. कामावर पोचलं की त्या माणसाला कान नसायचे. एक डोळा मिटून ओळंब्याच्या दोरीकडं बघत बसायचे, शेजारी ढोल वाजला तरी मान वळायची नाही. मुकादम त्यांचं नाव पुकारायचा आणि खालून, डोक्यावर चुंबळ ठेवता ठेवता, माय ओ द्यायची.

"हाऽय!"

शेवट जरासा वर नेलेला. दारातून कुणी विचारावं, हायत का घरात, आणि चुलीपासून उठायला वेळ नाही म्हणून तिथूनच सांगावं, तसा तो आवाज.

गंमत अशी की तिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. लग्नातला उखाणा सोडा. "अवं" आणि "ऐकलं का" एवढ्यावर तिनं संसार केला. शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव सांगायची वेळ आली तर मला पुढं ढकलायची, "तू सांग." पण त्या नावाला ओ मात्र तिचीच, रोज, वीस वर्षं.

याला कारण होतं. गवंडी आणि त्याची बिगारीण नवराबायको असले की त्यांची जोडी धरतात. रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, दोघांचा मिळून ठरतो, वहीत नाव एकच, नवऱ्याचं. पुढं बारीक अक्षरात मुकादम 'जो.' लिहितो. बायकोचं वेगळं नाव कशाला, ती काय वेगळ्या घरी जाणार आहे, असा हिशोब. जोडी आली की दोघं आले. एकजण आजारी पडला तर दुसऱ्याचाही खाडा. अशा किती जोड्या आमच्या आसपास होत्या. एकाही बाईनं कधी विचारलं नाही की माझं नाव कुठं आहे. मी तरी कुठं विचारलं.

मुकादमानंच एकदा मायला छेडलं, "वयनी, नाव त्यांचं अन् ओ तुमची, असं कसं?"

माय म्हणाली, "भिंत बी त्यांचीच म्हणत्यात की. वर चढीवली कुणी?"

सगळे हसले. आबा तेवढे हसले नाहीत, कारण त्यांनी ऐकलंच नव्हतं.

तिला आपल्या कामाचा भारी ताठा होता. सिमेंट-वाळूचा माल ती कालवायची तसा कुणी कालवत नाही, हे आबांचं मत होतं आणि तिचंही. पाणी किती झालं ते तिला फावड्याच्या आवाजावरून कळायचं. दुसऱ्या कुणी माल दिला तर आबा थापीनं तो जरा वरखाली करायचे आणि खाली बघायचे. माय फावडं उचलायची. "माझ्याबिगर ह्यांची एक वीट बसत नाय," असं ती साऱ्या बायांना ऐकवायची. दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायची. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, असलंच तर वरण. डबा सकाळी मायच्याच पिशवीत असायचा. पुढं या डब्याची मला फार आठवण येणार होती, पण तेव्हा मला त्यातला ठेचा तेवढा दिसायचा.

त्या दिवसांची मला ओढ लागते असं सांगितलं तर लोकांना नवल वाटतं. पत्र्याची खोली, अंगभर सिमेंट, उन्हात पोळलेले पाय, त्यात ओढ लागण्यासारखं काय? मला ती गरिबी परत नको आहे. मला सकाळचे आठ हवे आहेत आणि खालून आलेली ती एक ओ हवी आहे. दुसरं काही नाही.

त्या जोडीच्या रोजावर मी बी.कॉम. झाले आणि औरंगपुऱ्याच्या या ऑफिसात चिकटले. दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा शेंद्र्याला एका कारखान्याच्या इमारतीचं काम निघालं. बांधकामाला ईएसआय तेव्हा नव्यानंच लागू झालं होतं. कारखानावाल्यांनी ठेकेदाराला बजावलं होतं की प्रत्येक कामगाराचं पीएफ, ईएसआय भरल्याचा कागद दाखवल्याशिवाय बिल निघणार नाही. ठेकेदार यादी घेऊन आमचा जिना चढला. आबा याच ठेकेदाराकडं होते. यादी मी वाचत गेले. सातवं नाव आबांचं. पुढं 'जो.'

मी विचारलं, "काका, या अकरा जोड्या आहेत. बायकांची नावं कुठं?"

"जोडी हाय ना ताई. जोडीचा एकच माणूस धरायचा. पद्धतच हाय ती."

"कायद्यात जोडी नसते."

"कायद्यात लई काय काय नसतंय," तो म्हणाला आणि यादी ठेवून गेला. माणूस वाईट नव्हता. आबांचं पीएफ त्यानं आधीच्या कामापासून चालू ठेवलं होतं, ते कितीजण ठेवतात?

मी हट्टाला पेटले. त्या संध्याकाळी घरी जाऊन मायकडं तिचं आधार कार्ड मागितलं. तिनं पत्र्याच्या पेटीतून साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी, तिच्यातून कार्ड. जन्मतारीख एक जानेवारी. आमच्या गल्लीत निम्मे लोक एक जानेवारीला जन्मले आहेत, आधारवाल्यांची कृपा.

"कशाला पायजे?"

"तुझं नाव चढवायचंय. मालकानं तुझा पण वाटा भरायचा. तुला पण म्हातारपणी पेन्शन."

"मला?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं परत म्हणाली, "मला व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी यादीत नवी ओळ घातली. मायचं नाव, मधलं आबांचं, आडनाव. वडील किंवा पती, जन्मतारीख, आधार, काम: बिगारी. ओळ भरून झाल्यावर मी फोननं पडद्याचा फोटो काढला आणि घरी जाऊन तिला दाखवला. ती वाचायला शिकली होती, माझ्याच पाटीवर.

"एवढं बारीक?"

"बोटानं मोठं होतं बघ."

तिनं बोट फिरवलं. काही झालं नाही. सिमेंटनं तिची बोटं इतकी झिजली होती की फोन त्यांना दाद देईना. मीच मोठं करून दिलं. ती बराच वेळ बघत राहिली. आबा बाजूला बसून विळीवर कांदा चिरत होते. ती त्यांना म्हणाली, "अवं, बघा की. तुमच्या खाली हाय मी, पर येगळी हाय."

तिसऱ्या दिवशी, भरण्याचा वाढलेला आकडा कळल्यावर, ठेकेदार ऑफिसात नाही आला, कामावर गेला. तिथं त्यानं सगळ्या बायकांना गोळा करून सांगितलं की बायांचं बी भरायचं असेल तर मग बाया ठेवायच्याच कशाला? मिक्सर आहे, माल वर न्यायला लिफ्ट भाड्यानं मिळते. काय ते ठरवा. आवाज चढवला नाही, धमकी म्हणून सांगितलं नाही. भाव सांगतात तसं सांगितलं.

माय घरी आली, हातपाय धुतले आणि चहा टाकला. मग म्हणाली, "ते नाव काढ."

"का? तो करू शकत नाही तसं. आपण तक्रार करू."

"तू करशील तक्रार. तोवर अकरा जणीच्या चुली कशावर पेटायच्या? त्यांच्या लेकी हापिसात नायत." मग जरा मवाळ होऊन म्हणाली, "माझं एकटीचं नाव असून मी काय करू गं? घर तर एकच हाय. असू दे त्यांच्याच नावावर."

मी भांडले. ती हसून म्हणाली, "लई शिकली बया." पण नाव काढ हे तिनं आणखी दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले, तिची ओळ काढली आणि बाकीची यादी भरली. ओळ काढायला एक कळ दाबावी लागते. मी दाबली. तिनं सांगितलं म्हणून, हे खरं. नोकरी नवी होती आणि मलाही भीती वाटत होती, हेही तितकंच खरं. फोटो ज्या फोनमध्ये होता तो फोन पुढं बिघडला आणि मी तो बाराशे रुपयांच्या बदल्यात दुकानदाराला देऊन टाकला. फोटो आधी काढून घ्यावा एवढी अक्कल मला नव्हती.

पुढं तीनेक वर्षांनी, शेंद्र्यालाच, त्याच ठेकेदाराच्या दुसऱ्या एका कामावर, वर जायच्या उतारावरची फळी सरकली. माय भरल्या घमेल्यासकट खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. मला निरोप आला तेव्हा मी कुणाच्या तरी याद्याच भरत होते.

दवाखान्यात पोचले तर ठेकेदार आधीच तिथं होता. स्वतःच्या गाडीतून त्यानंच आणलं होतं. आबांच्या अंगावर वाळलेला माल तसाच होता. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "कशा पडल्या? कामावर होत्या का?"

ठेकेदार खाली बघायला लागला. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्ट्रेचरवरून माय बोलली. "डबा द्यायला गेले व्हते."

खिडकीवरच्या बाईनं तसं लिहिलं. माय माझ्याकडं बघत होती, तू मधी पडू नको असं ते बघणं होतं. मी मधे पडले नाही. आबांच्या ईएसआय कार्डावर, कामगाराची पत्नी म्हणून, तिच्यावर सगळे उपचार झाले. ऑपरेशन चांगलं झालं, गोळ्या मिळाल्या, कशाला नाव ठेवायला जागा नाही. पण कामावर पडलेल्या कामगाराला बरं होईपर्यंतची मजुरी विम्यातून मिळते, आणि कायमचं अधूपण आलं तर दर महिन्याला काहीतरी मिळत राहतं. डबा द्यायला गेलेल्या बाईला ते मिळत नाही. आणि डबा तर सकाळपासून तिच्याच पिशवीत, वाळूच्या ढिगाशेजारी ठेवलेला होता. संध्याकाळी आबांनी तो तसाच, न उघडता घरी आणला. मी तो धुतला.

त्यानंतर ती कामावर गेली नाही. काठी धरून घरातल्या घरात चालायची, न्हाणीपर्यंत जायची, पण उतार चढणं संपलं. आबा एकटे जायला लागले. मी तिला म्हणायचे, आता आराम कर, किती ओझी वाहिलीस. तिला तो शब्दच आवडायचा नाही. "आराम करून माणूस गंजतंय," म्हणायची. सकाळी आठच्या सुमाराला ती दारात येऊन बसायची आणि रस्त्याकडं बघायची.

पहिल्याच आठवड्यात आबांना दोन खाडे लागले. रोज कामावर गेलेला माणूस, दोन दिवस गैरहजर! मुकादम नवा होता. त्यानं नाव पुकारलं, कुणी ओ दिली नाही, त्यानं फुली मारली. आबा परांचीवर ओळंबा धरून बसलेले. मायला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की खुबा धरून बसली.

"तुम्हाला साधी ओ देता येत नाय?"

"माझ्या ध्यानातच येत नाय," आबा म्हणाले. "नाव आलं की मला वाटतंय, झालं."

मग रोज संध्याकाळी ती विचारायची, "आज दिली का ओ?" आबा म्हणायचे, "दिली." ती म्हणायची, "कशी दिली, दावा." आणि आबा, पन्नाशी उलटलेला माणूस, आमच्या खोलीच्या मधोमध उभे राहून तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "हाय." ती म्हणायची, "ह्याला काय ओ म्हणत्यात? कुणी मेल्यावाणी." त्या खोलीतलं ते हसणं मला अजून ऐकू येतं. तेव्हा मी त्याला हसणं समजत होते. आता वाटतं, तिला कामावर जायचं होतं, आणि दिवसाकाठी तिच्या वाट्याला कामातलं तेवढंच उरलं होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी माय गेली. न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

आता माझ्या टेबलावर जोडी चालत नाही. यादीत 'जो.' दिसला की मी यादी परत करते, बाईचं आधार आणा म्हणते. दोन ठेकेदार आमचं ऑफिस सोडून गेले. सर कुरकुरले, मग गप्प झाले. शहराचं नाव बदललं तेव्हा महिनाभर आम्ही एकेका कागदावरचा पत्ता बदलत बसलो होतो. औरंगाबाद काढा, छत्रपती संभाजीनगर घाला. एवढ्या मोठ्या शहराचं नाव कागदावर बदलता येतं, हे मी तेव्हा पाहिलं. आणि एका बाईची एक ओळ मला ठेवता आली नव्हती. ठेवली असती तर काय झालं असतं, याचा मी अजूनही विचार करते. कदाचित अकराजणी घरी बसल्या असत्या. कदाचित ठेकेदार चार दिवस फुगून गप्प झाला असता. कळायला मार्ग नाही आणि मन मानत नाही.

आबांना अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि पीएफची पेन्शन सुरू झाली. थोडकीच आहे, पण आबांना तिचं अप्रूप. ती चालू राहायची तर वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं, हयातीचा दाखला. या वर्षी मी त्यांना आमच्या ऑफिसजवळच्या बँकेत घेऊन गेले. धुतलेला पांढरा शर्ट, हातात कागदांची पिशवी. पिशवी तीच, साडीच्या दुकानाची. आम्ही नाव दिलं आणि बाकड्यावर बसलो. गर्दी बरीच होती. मी फोनवर एका ठेकेदाराशी हुज्जत घालत होते.

खिडकीतून आबांचं नाव पुकारलं गेलं. ते मी ऐकलं, पण आबा शेजारीच आहेत, उठतील असं वाटलं. परत पुकारलं. मी मान वळवून बघितलं तर आबा ताठ बसलेले, चेहरा शांत, नजर समोरच्या भिंतीवर.

मी फोन बंद केला. "आबा, तुमचं नाव घेतायत."

"व्हय. ऐकलं की मी."

"मग?"

ते जरा गोंधळले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, झालं."

तिसऱ्यांदा नाव आलं. "आहेत का? नसतील तर पुढचं घेतो."

माझ्या तोंडून आवाज निघाला तो माझा नव्हता. माझा आवाज ऑफिसातला, कोरडा. हा खालून आला, शेवट जरासा वर गेलेला. "हाऽय!"

सगळं बाकडं वळून बघायला लागलं. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी मागं वळून दाराकडं बघितलं, पटकन, आणि मग बराच वेळ तिकडंच बघत राहिले. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं.

खिडकीवरचा मुलगा भला होता. आबांचं बोट यंत्रावर ठेवून बघितलं, ठसा उमटेना. तो म्हणाला, "असू द्या बाबा, चेहऱ्यानं करू. इकडं बघा. आता डोळे मिचकावा." आबांनी डोळे मिटले आणि उघडायला वेळ लावला. "नुसते मिचकावा, बाबा," तो म्हणाला. आबांनी परत केलं. पाणी गालावर आलं ते त्यांनी पिशवीनं पुसलं. यंत्रातून कागद बाहेर आला. हा माणूस हयात आहे, असं त्यावर लिहिलं होतं. खाली नाव एकच, आबांचं.

मी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि आबांच्या पिशवीत ठेवला. जोडीचा एकच माणूस धरायचा. पद्धतच आहे ती.